दुपारी दोनचा कागद

माझ्या ड्रॉवरमध्ये एका प्लास्टिकच्या डबीत दोन गोल कागद ठेवलेत, दोन्ही एकाच दिवसाचे. ४७ मिलीमीटरचे मेम्ब्रेन फिल्टर, ०.४५ मायक्रॉनचे, दोन्हीतून बरोबर एक-एक लिटर पाणी गेलेलं आणि सॅम्पलचा नळही तोच, इकोनोमायझर इनलेटचा, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी शिरते तिथला. सकाळी नऊचा कागद जरासा मळकट, म्हणजे न सांगता दाखवला तर कोरा म्हणाल. दुपारी दोनचा कागद मात्र पाटीवर ओला फडका फिरवल्यावर जो रंग उरतो ना, तसा. या दोन कागदांपायी आमच्याकडे उन्हाळा ते पोळा एवढे दिवस जे काय चाललं ते लिहून ठेवून राहिलो, कारण छोट्या प्लांटच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या बऱ्याच जणांच्या लॉगबुकात आमच्यासारखंच 'आयर्न ३ पीपीबी, ओके' लिहिलेलं असेल, म्हणजे पाण्याच्या अब्ज भागांत लोखंडाचे तीनच भाग.

आधी प्लांटचं थोडं. नाव लिहीत नाही. वर्धा नदीच्या पट्ट्यात, चहूकडे कपाशी अन् तूर, तालुक्याचं गाव वीसेक किलोमीटरवर, संध्याकाळची शेवटची एसटी चुकली की कोळशाच्या ट्रकला हात दाखवायचा. एका कारखान्याचं ६० मेगावॅटचं कॅप्टिव्ह युनिट, म्हणजे त्या कारखान्यापुरती वीज काढणारं, ड्रमवाला बॉयलर, फुल लोडला फीड वॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, ताशी साधारण २५० टन. कारखान्यानं मागच्या पडीक जमिनीत सोलर टाकलं तेव्हापासून रोज अकरा ते चार आमचं लोड निम्म्यावर येते, चार वाजता पुन्हा चढवायचं. बॉयलर बांधला तेव्हा तो वर्षभर एका लोडवर चालणार असंच धरलेलं होतं. आता रोजची बैठक-उठक.

लॅबमध्ये मी आणि शिफ्टचे दोन केमिस्ट, आणि सॅम्पल आणणारे एक काका, जे प्लांट कमिशनिंगच्या आधीपासून इथं आहेत, पाच एकर कपाशी आहे, आणि सॅम्पल रॅकचा कोणता व्हॉल्व किती आटे फिरवला की किती पाणी येते हे त्यांच्या हाताला पाठ आहे.

सुरुवात झाली मे महिन्यात. एक पार्टिकल काउंटर महिनाभर डेमोला आणला होता. लेझरच्या झोतासमोरून पाणी जाते, कण आला की प्रकाश अडतो, मशीन मोजते एका मिलिलीटरमध्ये दोन मायक्रॉनच्या वरचे किती कण. पीपीबी सांगत नाही, लोखंड आहे का वाळू हेही सांगत नाही, नुसते नग. पण दर मिनिटाला सांगते. चौथ्या-पाचव्या दिवशी ट्रेंड काढला तर रोज दुपारी डोंगर. साडेअकराला चढायला लागतो, एक-दोनला शेंडा, चारनंतर पुन्हा एक छोटा शेंडा अन् मग सपाट.

मी खूश, काहीतरी सापडलं म्हणून. ऑपरेशनवाले म्हणाले चिलर बघा आधी. आणि त्यांचं चूक नव्हतं हे मान्य करायला पाहिजे. आमच्याकडे मे मध्ये दुपारी पारा ४६ ला जातो, सॅम्पल थंड करणारा चिलर हापतो, २५ डिग्रीला यायला पाहिजे ते सॅम्पल चाळिशीला येते. गरम पाण्यात विरघळलेली हवा प्रेशर उतरलं की बुडबुडे होऊन सुटते, आणि काउंटरला बुडबुडा काय अन् कण काय, दोन्ही सारखेच, दोन्ही प्रकाश अडवतात. आता गंमत बघा, ऊन कडक असते तेव्हाच सोलर जोरात असते, सोलर जोरात तेव्हाच आमचं लोड खाली, अन् तेव्हाच चिलर हापलेला. तिन्ही गोष्टी एकाच वेळी. ट्रेंड पाहून कोणाच्या बापाला सांगता येणार नाही की डोंगर हवेचा आहे का लोखंडाचा.

मीटिंगमध्ये यावर आठ दिवस गेले. एकानं सांगितलं सॅम्पलवर बॅक प्रेशर ठेवा म्हणजे हवा सुटणार नाही, ते केलं, डोंगर थोडा बसला, गेला नाही. मग म्हणे अर्धा हवेचा असेल. मग ढगाळ दिवसाची वाट पाहू म्हणे, तर ढगाळ दिवशी सोलरच पडते अन् आमचं लोड खालीच येत नाही, म्हणजे तोही पुरावा कामाचा नाही.

कागदाची आठवण काकांमुळे झाली. मी त्यांना सहज दाखवत होतो की बघा काका, दुपारी कण वाढतात असं मशीन म्हणते. ते म्हणाले, "त् सर, तुमी बाटली तं सकाळीच भरता. पह्यल्या पावसात नाल्याले दोन घंटे गढूळ पूर येते, तुमी संध्याकाळी जाऊन गुंड भरसान त् नितळच दिसन ना." मग कोपऱ्यातली व्हॅक्यूम फ्लास्क धुवून काढली. फिल्टर कागदाला बुडबुडा दिसतच नाही, हवा आरपार जाते, कण तेवढा अडकतो. सकाळी नऊला एक लिटर, दुपारी दोनला एक लिटर. दुपारचा कागद चिमट्यानं उचलला तेव्हा शिफ्ट इन-चार्ज मागं उभे होते, आठ दिवस चिलर-चिलर करत होते, कागद पाहिला अन् काही बोलले नाहीत, फक्त मोबाईल काढून फोटो घेतला.

रंगाबद्दल एक सांगून ठेवतो, पुढं लागणार आहे. कागद काळा आला तर मॅग्नेटाईट, म्हणजे ऑक्सिजन नसलेल्या ठिकाणी तयार झालेलं लोखंडाचं ऑक्साईड. विटकरी-लाल आला तर हेमॅटाईट, तिथं थोडाफार ऑक्सिजन आहे. आमचा काळा होता.

आता लॉगबुकातल्या ३ पीपीबीचं काय? हा भाग मला सगळ्यात जास्त लागला, कारण चूक माझ्या घरातली होती. आमची पद्धत फेनॅन्थ्रोलिनची. हे रिएजंट पाण्यात विरघळलेल्या लोखंडाला धरते, नारिंगी रंग येतो, फोटोमीटर तो मोजतो. पण मॅग्नेटाईटचा कण म्हणजे खडा आहे, तो बाटलीच्या तळाला नाहीतर भिंतीला बसून राहते अन् रिएजंटला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून पद्धतीत पहिली पायरीच अशी की सॅम्पलमध्ये ॲसिड टाकून गरम करायचं, खडे विरघळवायचे, मग रंग आणायचा. आमच्या लॅबमधली छापील पद्धत काढून पाहिली, ती पायरी होती. त्यावर कोणीतरी पेन्सिलीनं आडवी रेघ मारलेली, बाजूला कोणाचं नाव नाही, तारीख नाही. का मारली असेल ते समजते, एका सॅम्पलला तासभर जाते, ॲसिडमधलं लोखंड ब्लँकमध्ये, म्हणजे सॅम्पल नसलेल्या तुलनेच्या बाटलीत, येते, शिफ्टला एकच माणूस. मी इथं लागलो तेव्हापासून ती रेघ आहे अन् मी ती रोज पाहिलेली आहे. चालू फीड वॉटरमध्ये लोखंडाचा मोठा हिस्सा कणांच्याच रूपात असते, विरघळलेला थोडाच. म्हणजे आम्ही इतकी वर्षं थोडा भाग प्रामाणिकपणे मोजत होतो अन् मोठा भाग सिंकमध्ये ओतत होतो.

तीच सकाळची बाटली डायजेस्ट करून, म्हणजे ॲसिडमध्ये गरम करून, लावली. ३ चे ११ झाले.

पण सकाळची एक बाटली अन् दुपारची एक बाटली यानं सरासरी निघत नाही, म्हणून पुढचं काम लांब पल्ल्याचं सॅम्पल. सॅम्पल लाईनलाच स्टीलचा फिल्टर होल्डर बसवला, वर ०.४५ चा कागद, त्याच्याखाली आयन एक्स्चेंजचा कागद म्हणजे विरघळलेलं लोखंड तिथं अडकेल, शेवटी वॉटर मीटर. मिनिटाला १०० मिली, चोवीस तास, एकूण १४४ लिटर. हे आम्ही शोधून काढलेलं नाही, आयएपीडब्ल्यूएस या आंतरराष्ट्रीय संस्थेची कोरोजन प्रॉडक्ट सॅम्पलिंगवर २०१४ ची गाईडन्स आहे, त्यात सगळं आहे.

यात एक अडचण आली जी पुस्तकात वाचून कळत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात डीएम वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी, वाचवा म्हणून सॅम्पलचे नळ बंद ठेवायची पद्धत. काका सॅम्पलच्या आधी येऊन नळ धाडकन फुल उघडायचे, दोन मिनिटं सोडायचे, मग बाटली. पितळी हंडा भरायला ते ठीक आहे. कणांसाठी ते एकदम उलटं, कारण सॅम्पल लाईन म्हणजे साठ-सत्तर मीटरची बारीक स्टीलची नळी, पाणी थांबलं की कण तिच्या भिंतीला बसतात, अन् एकदम जोर आला की उखडून एका लोंढ्यानं येतात. मग तुम्ही बॉयलरचं पाणी मोजत नाही, नळीचा गाळ मोजता. वेग नळीत सेकंदाला पावणेदोन मीटरच्या आसपास, चोवीस तास, कोणी हात लावायचा नाही. वाहून जाणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून एक टाकी लावून ते परत घेतलं, तेव्हा कुठं वरून परवानगी आली. व्हॉल्ववर काकांनी स्वतःच लाल चिंधी बांधली. नळ चालू केल्यावर चार दिवस काहीच घेतलं नाही, नळीला शांत होऊ दिलं.

चोवीस तासांचा कागद काढला तेव्हा तो काजळाच्या डबीच्या झाकणासारखा होता. नागपूरच्या एका लॅबला दिला, आकडा आला: वरच्या कागदावर २.६ मिलीग्राम लोखंड, खालच्यावर ०.३. १४४ लिटरनं भागा, कणांचे १८ पीपीबी, विरघळलेले २. एकूण २०. आमचे जुने ३ खोटे नव्हते हेही त्यात दिसलं, विरघळलेल्यापुरते ते बरोबरच होते. चांगल्या चाललेल्या युनिटला इकोनोमायझर इनलेटला एकूण २ पीपीबीच्या खाली पाहिजे. आमचे दसपट.

पीपीबी हा शब्द ऐकून कोणी घाबरत नाही, म्हणून किलोत मांडलं. दुपारचे पाच तास निम्मा फ्लो अन् ५० च्या आसपास, बाकी एकोणीस तास पूर्ण फ्लो अन् दहाच्या आसपास, असं धरलं की दिवसाला ७५-८० ग्रॅम लोखंड बॉयलरमध्ये जाते. वर्षाचं २५ किलोच्या वर. ऑक्साईड धरून ३५. युरियाची बॅग ४५ किलोची येते, म्हणजे दरवर्षी पाऊण बॅग लोखंडाची भुकटी आपण बॉयलरमध्ये पेरतो, असं मी मीटिंगमध्ये म्हटलं. ब्लोडाऊनमध्ये, म्हणजे ड्रममधलं थोडं पाणी बाहेर सोडतात त्यात, त्यातलं थोडंच निघते. बाकी वॉटर वॉलच्या, म्हणजे भट्टीभोवतीच्या पाण्याच्या ट्यूबांच्या, ज्या बाजूला आग लागते त्या बाजूला जाऊन बसते, तिथं थर होतो, थराच्या खाली ट्यूब जास्त तापते, पाण्यातली क्षारं त्या थरात घट्ट होतात अन् ट्यूब आतून खातात. मग एक दिवस ट्यूब फुटते अन् सगळे म्हणतात कोळसा खराब होता.

कुठून येऊन राहिलं हे शोधायला तीच दोन वेळची कागदं, पण चार ठिकाणी: कंडेन्सेट पंपाच्या (वाफेचं परत झालेलं पाणी पुढं ढकलणारा) डिस्चार्जला, डीएरेटरच्या (पाण्यातला ऑक्सिजन काढणारी टाकी) आउटलेटला, फीड पंपानंतर, अन् इकोनोमायझर इनलेटला. टेबलावर पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडली, दोन रांगा, सकाळ अन् दुपार. दुपारच्या रांगेत पहिलाच कागद काळा. म्हणजे माल कंडेन्सरच्या, टर्बाईनमधली वाफ थंड होऊन पाणी होते त्या जागेच्या, तळाच्या हॉटवेलमधूनच येते, पुढं कुठं फारसा वाढत नाही. आणि दुपारीच हॉटवेलमध्ये काय येते जे सकाळी येत नाही? हे मी नाही, टर्बाईनच्या एका फोरमननं सांगितलं, तेही चहा पिता पिता. एचपी हीटर टर्बाईनची थोडी वाफ घेऊन फीड वॉटर तापवते, अन् त्या वाफेचं जे पाणी होते ते त्याचं ड्रेन. फुल लोडला हे ड्रेन डीएरेटरला जाते. लोड निम्म्यावर आलं की हीटरमधलं प्रेशर एवढं पुरत नाही की पाणी वर डीएरेटरपर्यंत चढेल, मग तो नॉर्मल रस्ता बंद होतो अन् दुसरी लाईन उघडते, थेट कंडेन्सरकडे. डिझाईननं ती लाईन अडीअडचणीला, सुरू-बंद करताना वापरायची. सोलर आल्यापासून ती रोज पाच तास चालते.

त्या लाईनवर कंट्रोल व्हॉल्व आहे. व्हॉल्वच्या आधी गरम पाणी, व्हॉल्वच्या नंतर प्रेशर एकदम पडते म्हणून त्यातलं थोडं पाणी वाफ होते, अन् पाणी-वाफेचं मिश्रण जोरात पुढच्या एल्बोवर, म्हणजे पाईपच्या वळणावर, आदळत वळते. साध्या कार्बन स्टीलवर मॅग्नेटाईटचा काळा पातळ थर असते, तोच त्याचं चिलखत. वेगानं वाहतं पाणी, त्यात ऑक्सिजन नाही, पीएच कमी, तापमान दीडशे-पावणेदोनशेच्या आसपास, अशा ठिकाणी ते चिलखत सतत विरघळत राहते, खालचं लोखंड नवीन थर बनवते, तोही विरघळते. पाईप गंजत नाही, झिजते, आतून गुळगुळीत होत जाते अन् बाहेरून रंगसुद्धा उडत नाही. याला फ्लो ॲक्सिलरेटेड कोरोजन म्हणतात, एफएसी. वाफ असलेल्या ठिकाणी अजून एक त्रास, आपण पीएच वाढवायला जो अमोनिया टाकतो तो वाफेत पळते, मागं राहिलेल्या पाण्याचा पीएच अजून खाली. विरघळलेलं लोखंड पुढं थंड झाल्यावर कण बनते, म्हणून कागदावर सापडते.

इन्सुलेशन काढायला परमिट मागितलं तर उत्तर आलं की पुढच्या शटडाऊनला पाहू. तेव्हा मी दोन घटना लिहून मेल टाकला. ९ डिसेंबर १९८६, अमेरिकेत व्हर्जिनियातलं सरी अणुवीज केंद्र, पाण्याच्या लाईनचा एल्बो फुटला, चार कामगार गेले. ९ ऑगस्ट २००४, जपानमधलं मिहामाचं तिसरं युनिट, ऑरिफिसच्या, म्हणजे फ्लो मोजायच्या भोकाच्या तबकडीच्या, पुढचा पाईप, मूळ १० मिलीमीटरचा झिजून दीडच्याही खाली आलेला, १९७६ ला सुरू झाल्यापासून त्या जागेची जाडी कोणी मोजलीच नव्हती. पाच जण गेले. दोन्हीकडं किरणोत्सर्गाचा संबंध नव्हता, साधं गरम पाणी अन् वाफ, आपल्याकडं असते तेच. परमिट दुसऱ्या दिवशी आलं. मेलमुळे का आणखी कशामुळे ते देव जाणे.

अल्ट्रासोनिकवाला पोरगा एल्बोवर खडूनं चौकोन आखून रीडिंग सांगत होता, मी लिहीत होतो. मूळ जाडी सहा मिलीमीटर. पाच पूर्णांक आठ, पाच पूर्णांक पाच, मग बाहेरच्या वळणावर चार पूर्णांक एक, तीन, दोन पूर्णांक तीन. तिथं तो थांबला, प्रोब पुसला, जेल पुन्हा लावलं, पुन्हा दोन पूर्णांक तीन. मी लिहिलं अन् आम्ही दोघंही हळूच लाईनच्या बाजूला सरकलो.

हीटर त्याच दुपारी सर्व्हिसमधून काढला, कोळसा जास्त लागला तर लागला. एल्बो कापून काढला. वेल्डरनं आतून बोट फिरवलं, म्हणाला, "हे त् संत्र्याच्या सालीवानी लागते." खरंच तसंच, बारीक बारीक खळगे, एकाला एक लागून, अन् काळी चमक. जागच्या जागी नवीन तुकडा टाकला तो एक-सव्वा टक्का क्रोमियमच्या स्टीलचा, पी-११. थोडंसं क्रोमियम असलं तरी एफएसी खूप कमी होते, एवढं क्रोमियम म्हणजे तर जवळपास थांबतेच.

इथं बहुतेकांनी फाईल बंद केली. गुन्हेगार सापडला, फोटो काढले, रिपोर्ट गेला.

माझं मात्र गणित जमेना. तो एल्बो अख्खा तोलला तरी नवीन असताना चार किलोचा. त्यातून कितीही गेलं तरी वर्षानुवर्षांत किलोभर. अन् आम्ही तर दरवर्षी २५ किलो बॉयलरला पाठवून राहिलो. मग बाकीचं कुठलं? त्याहून मोठी गोष्ट, सकाळी ती लाईन बंद असताना जे दहा पीपीबी येतात ते तर त्या एल्बोचे असूच शकत नाहीत. म्हणजे एल्बो फक्त सर्वात जास्त झिजलेली जागा, झीज सगळीकडंच चालू आहे, हीटरच्या शेलमध्ये, ड्रेनमध्ये, फीड लाईनमध्ये, कंडेन्सरच्या आत. सगळीकडं एकच गोष्ट सारखी असते, पाणी.

पाण्याचा आमचा चार्ट: पीएच ८.८ ते ९.१, हायड्राझिन (पाण्यातला ऑक्सिजन खाणारं केमिकल) चालू. हा चार्ट डोजिंग रूमच्या भिंतीवर लॅमिनेट करून लावलेला, तो तसाच का याचं उत्तर जुन्या फाईलमध्ये होतं. प्लांट सुरू झाला तेव्हा कंडेन्सरच्या ट्यूब पितळेच्या होत्या. पितळेला अमोनिया सोसत नाही, तांबं सुटते, म्हणून पीएच ९.१ च्या वर न्यायचा नाही. अन् तांब्यासाठी पाण्यात ऑक्सिजनचा मागमूस नको म्हणून हायड्राझिन. पुढं एका मोठ्या ओव्हरहॉलमध्ये कंडेन्सरच्या सगळ्या ट्यूब स्टेनलेसच्या झाल्या. पितळ गेलं, पितळेसाठीचा चार्ट राहिला. म्हणजे आम्ही नसलेल्या सासूचं सोवळं सांभाळत होतो अन् लोखंड उपाशी. कमी पीएच अन् हायड्राझिन, दोन्ही लोखंडाच्या झिजेला मदतच करतात.

पीएच वाढवायच्या आधी ड्रॉइंग काढून एकेक हीटर तपासला की कुठं तांबं राहिलं तर नाही. एलपी, म्हणजे कमी प्रेशरचे, हीटर स्टेनलेस निघाले. ग्लँड स्टीम कंडेन्सरवर (टर्बाईनच्या सीलमधली वाफ थंड करणारा) दोन दिवस वाद झाला, शेवटी त्याचंही बिल सापडलं, बदललेला होता. सॅम्पलमध्ये तांबं लावलं, सापडलं नाही. ही पायरी गाळून कोणी थेट अमोनिया वाढवला अन् कुठं पितळ निघालं तर टर्बाईनच्या ब्लेडवर तांबं बसेल, म्हणून ही गाळू नका.

मग दर आठवड्याला थोडं थोडं, पीएच ९.५ पर्यंत. शुद्ध पाण्यात पीएच मीटरवर फार विसंबता येत नाही, म्हणून कंडक्टिव्हिटीवर, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते त्यावर, चालवलं, ९.५ म्हणजे नुसत्या अमोनियाच्या पाण्यात साधारण साडेआठ मायक्रोसीमेन्स. हायड्राझिन हळूहळू कमी करत बंद. ऑक्सिजन डीएरेटरच काढते, तो १० पीपीबीच्या खाली राहते का हे शिफ्टला दोनदा पाहायचं. हायड्राझिन बंद झालं याचा सर्वात जास्त आनंद डोजिंगच्या पोरांना, ते विषारी केमिकल आहे, ड्रम उघडताना मास्क लावूनही डोळे जळायचे.

पहिल्या पंधरा दिवसांत लोखंड वाढलं. २० चे २६. फोनवर फोन. अपेक्षित होतं, केमिस्ट्री बदलली की जुना बसलेला माल हलते अन् सुटते, पण अपेक्षित आहे असं आधी तोंडी सांगितलेलं कोणाला आठवत नाही, लेखी द्यायला पाहिजे होतं, नाही दिलं. ब्लोडाऊन वाढवून तेवढे दिवस काढले. तिसऱ्या आठवड्यात नवीनच, कागद लाल यायला लागला. एका मोठ्या साहेबांचा फोन, "अहो, गंज येऊन राहिला पाण्यात!" हायड्राझिन गेल्यावर पाण्यातला थोडासा ऑक्सिजन राहते, मॅग्नेटाईटच्या थरावर लाल ऑक्साईडची साय धरते, अन् ती साय पाण्यात कमी विरघळते, म्हणून लाल येणं हेच आपल्याला हवं होतं. त्यांना काळा अन् लाल दोन्ही कागद नेऊन दाखवले, लाल कागद फिका होता ते त्यांच्या नजरेला आणून दिलं. पटलं का नाही माहीत नाही, फोन बंद झाले.

पोळ्याच्या सुमारास परत चोवीस तासांचं सॅम्पल घेतलं. एकूण ४ च्या आसपास, दुपारचं वेगळं काढलं तर ९. दोनच्या खाली अजून आलेलं नाही. त्या ड्रेन लाईनचा एल्बो नवीन आहे पण पुढची सरळ पाईप जुनीच, तीत ४.६, ४.४ अशी रीडिंग आहेत, ती पुढच्या शटडाऊनला पी-११ मध्ये करायची. काउंटर विकत घेतला. त्याच्या नगांचा अन् कागदाच्या पीपीबीचा संबंध आमच्या प्लांटपुरता बसवून घेतला, तो दर दोन महिन्यांनी पुन्हा तपासतो कारण कणांचा आकार बदलला की तो संबंध सरकते. डायजेशनची पायरी परत सुरू, रोज नाही जमत, आठवड्यातून दोनदा.

काका आता रोज दुपारी दोनचा कागद काढतात, वाळवून रजिस्टरात चिकटवतात, खाली तारीख अन् लोड. मागच्या महिन्यात रात्री पावणेदहाला त्यांचा फोन आला, मी जेवत होतो. "सर, आजचा कागद लाल हाय, पण मले काळ्यावर जाते असा वाटून राह्यला. काल्लेही थोडा तसाच होता." रजिस्टरचा फोटो पाठवा म्हटलं, फोनच्या फोटोत काही कळेना. सकाळी जाऊन पाहिलं तर खरंच, खिडकीशी धरल्यावर लाल कमी अन् तपकिरी-काळसर. डोजिंग रूममध्ये गेलो. दोन दिवसांपूर्वी कंत्राटावर एक नवीन ऑपरेटर आला होता, कोपऱ्यात हायड्राझिनचा अर्धा ड्रम उरलेला होता, पंप जागेवर होता, अन् भिंतीवर तो लॅमिनेट केलेला जुना चार्ट. पोरानं चार्ट वाचून पंप चालू केला होता, लॉगबुकात नीट अक्षरात नोंदही केली होती.

त्याला काही बोललो नाही. ड्रम स्टोअरला परत पाठवला, पंपाची फ्यूज काढली, आणि चार्ट खिळ्यासकट उपटून घेतला.